अर्धशिशीचे दिवस

हेमांगीने ओढणीची घडी डोळ्यांवर दाबून धरली होती, त्यामुळे त्याचा आवाज तिला आधी भेटला आणि चेहरा मागाहून.

"मॅडम, ती समोरची ट्यूब बंद कराल का? उघडझाप करतेय."

"मग पेशंटना वाचायला उजेड पुरत नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"इथे सगळे डोकं धरून बसलेत हो. वाचतंय कोण?"

खटका वाजला. बंद पापण्यांच्या आत मघापासून जे थरथरत होतं, ते थांबलं. हेमांगीने हळूच ओढणी खाली घेतली.

ठाण्यात माजिवड्याच्या त्या दवाखान्यात डोकेदुखीसाठी लांबलांबून माणसं यायची. समोरच्या बाकावर तिशीचा एक माणूस बसला होता, उन्हाने रापलेला, गळ्यात शिट्टीची दोरी तशीच राहिलेली. त्याच्या शेजारी शाळेच्या गणवेशातली दहाएक वर्षांची मुलगी आणि तिची आजी. मुलगी उठली आणि सरळ हेमांगीजवळ येऊन बसली.

"तुझं पण डोकं दुखतं?"

"हो. तुझ्याएवढी होते तेव्हापासून."

"मग तुला पण खोटारडी म्हणायचे?"

हेमांगी थबकली. वीस वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "म्हणायचे," ती म्हणाली. "तुला कोण म्हणालं?"

मुलीने नुसतं समोर बघितलं.

"मी," तो माणूस म्हणाला.

मग त्याने स्वतःहून सांगितलं. त्याचं नाव सर्वेश गायकर. कल्याणच्या एका शाळेत पीटी शिकवायचा. करिश्मा, म्हणजे ही मुलगी, डोकं दुखतंय म्हणाली तेव्हा त्याला वाटलं, पळायचा कंटाळा आला असेल. त्याने तिला मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या. भर ऑक्टोबरचं ऊन. तिसऱ्या फेरीला तिला उलटी झाली आणि ती डोकं धरून मातीतच बसली.

"सर आपणहून घेऊन आले आम्हाला," करिश्माची आजी, रमाबाई, मधे पडल्या. "हिची आई ड्युटीला जाते. मला ठाण्यातलं काही उमगत नाही."

अशा वेळी 'चूक माणसाकडूनच होते' असं काहीतरी म्हणायचं असतं, हे हेमांगीला माहीत होतं. ती म्हणाली नाही.

"मला आमच्या सरांनी बाकावर उभं केलेलं," ती म्हणाली. "चौथीत. त्यांचं नाव, त्यांच्या शर्टाचा रंग... सगळं आठवतं मला."

"हिलाही माझं आठवेल," सर्वेश म्हणाला.

त्याने सबब सांगितली नाही, की चेहरा पाडून माफीही मागितली नाही. हेमांगीला त्याचा राग आला होता. तो थोडा कमी झाला, याचाही तिला राग आला.

करिश्माचा नंबर आधी लागला. आजी आणि सर्वेश तिच्याबरोबर आत गेले. अर्ध्या तासाने ती बाहेर आली ती हातात कागद नाचवत. डॉक्टरांनी तिला तिचं दुखणं चित्रात काढायला सांगितलं होतं. तिने सगळ्या कपाळावर हातोडे काढले होते आणि पोटात एक वेटोळं घातलेला साप.

"मुलांचं म्हणे अर्धंच डोकं दुखतं असं नाही," सर्वेश म्हणाला. आपल्याशीच उजळणी केल्यासारखा. "सगळं कपाळ दुखतं, पोटात कालवतं, उजेड नको होतो. आणि झोपून उठलं की पोरगी टुणटुणीत. म्हणून आपल्याला वाटतं, नाटक केलं." मग त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "डोळे तपासले, चालून दाखवायला लावलं, सगळं नीट आहे. स्कॅनची गरज नाही म्हणाल्या. वेळेवर खाणं, पाणी, झोप. आणि दुखायला लागल्या-लागल्या वजनाच्या हिशेबाने गोळी, अंधारात आडवं पडायचं. चार फेऱ्या नाही."

शेवटचे शब्द त्याने स्वतःलाच सुनावले. हेमांगीला आत बोलावलं म्हणून, नाहीतर ती हसली असती.

डॉक्टर विनिता शांत बाई होत्या. त्यांनी हेमांगीला पाऊण तास बोलतं ठेवलं. ती डोंबिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. पहाटे सहाला स्कूटी काढायची आणि घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढायची. नाश्ता दहाला, कधी अकराला. डोकं उजव्या बाजूने ठणकायला लागायचं, डोळ्याच्या मागे, मग मळमळ. आणि गोळी.

"महिन्यातून किती दिवस गोळी घेतेस?"

"लागेल तशी."

"मोजून सांग."

हेमांगीने मोजलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "अठरा... वीस दिवस."

"म्हणजे आधी दुखतं म्हणून गोळी होती, आता गोळीमुळे दुखतंय," डॉक्टर म्हणाल्या. "ती हळूहळू सोडवू. रोज रात्री घ्यायचं वेगळं औषध देते, झटके कमी करणारं. पहिले दोन-तीन आठवडे त्रास वाढेल, तेव्हा मला शिव्या देशील. मग उतरेल. एका वहीत रोज लिहायचं: झोप किती, खाल्लं कधी, दुखलं कधी. आणि उपाशी घराबाहेर पडायचं नाही."

"सहाला राउंड सुरू होतो, मॅडम."

"मग साडेपाचला खा."

ती बाहेर आली तेव्हा समोरचा बाक रिकामा होता. तिला उगीचच चुकल्यासारखं वाटलं.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, लॅबच्या यादीत शहाडचा एक पत्ता होता. गायकर, साखर तपासणी, उपाशीपोटी आणि जेवणानंतर. आडनाव तिच्या डोक्यात शिरलंच नाही, कारण डोकं जागेवर नव्हतं. जुनी गोळी सोडल्यापासून रोज सकाळी कुणीतरी कवटी आवळल्यासारखं होत होतं. दार उघडलं आणि दारात तो, टॉवेल खांद्यावर, दाढीला अर्धा साबण.

हेमांगीने यादीवरचं आडनाव पुन्हा वाचलं.

"तुम्ही... रक्त काढता?" तो म्हणाला.

"तुमचं नाही. यादीत बाई लिहिलंय."

त्याची आई पाटावर बसून तिच्या हातांकडे बघत राहिली. सुई कधी गेली आणि कधी आली तिला कळलं नाही. पण तिला दुसरंच काही कळलं. "तू काय खाल्लंस गो बाय?" तिने विचारलं. "चेहरा पांढरा पडलाय."

"बिस्किटं खाल्लीत, मावशी. दोन."

"रक्त माझं काढायचं, तर उपाशी मी राहायचं. तू कशाला?"

तिने हेमांगीला उठू दिलं नाही. तव्यावरची तांदळाची भाकरी आणि वाल तिच्यासमोर आले. सर्वेश दाराच्या चौकटीला टेकून, साबण वाळलेला, उभा होता.

"हसू नका," हेमांगी म्हणाली.

"हसत नाहीये. मोजतोय. दुसरी भाकरी."

जेवणानंतरचं रक्त घ्यायला ती दोन तासांनी परत आली, तेव्हा तो शाळेत जायच्या कपड्यांत होता आणि त्याच्या हातात एक वही होती. करिश्माची, डॉक्टरांनी तिलाही ठेवायला सांगितलेली. त्याने रमाबाईंकडून मागून आणली होती. प्रत्येक दुखण्यासमोर एक लाल टिंब.

"हे बघा ना जरा. तीनही वेळा सोमवार. मला काही कळत नाही."

हेमांगीने वही चाळली. झोपेच्या रकान्यावर बोट ठेवलं. "शनिवार-रविवार उशिरा झोपते, उशिरा उठते. सोमवारी एकदम सहाला उठवतात. झोपेची वेळ हलली की आमचं डोकं बोंबलतं. रविवारीही तिला सात वाजता उठवायला सांगा."

"ती मला शाप देईल."

"तुम्हाला सवय आहे."

तो हसला. चांगला हसला, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडेपर्यंत. शहाडहून डोंबिवलीला परत येताना हेमांगीला सिग्नलवर मागच्या रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला.

मग मेसेज सुरू झाले. सकाळी साडेपाचला तिच्या फोनवर एकच शब्द यायचा: 'खाल्लं?' ती कधी पोह्यांचा फोटो पाठवायची, कधी 'खाते, छळू नका'. डिसेंबर लागेपर्यंत 'छळू नका'चं 'छळू नकोस' कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. औषधाचा गुण येत होता. पहिल्या तीन आठवड्यांत तिने खरोखरच डॉक्टरांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग एक दिवस आला, आणि त्याच्यामागून दुसरा... डोक्यात नुसती शांतता. वहीत सलग नऊ दिवस काही लिहायला नव्हतं, तेव्हा तिने त्या पानाचा फोटो त्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'नऊ दिवस कोरे. शाळेत असं पान दाखवलं असतं तर छडी खाल्ली असतीस.'

त्याने शाळेतही एक खोली तयार केली होती. खेळाच्या सामानाच्या खोलीचा मागचा कोपरा, जाड पडदा, उंच उडीची जुनी गादी, पाण्याचा माठ. डोकं दुखलं की मुलांनी तिथे येऊन पडायचं. मुख्याध्यापक म्हणाले, सगळी शाळा तिथेच झोपेल.

"झोपली का?" हेमांगीने विचारलं. रविवारची संध्याकाळ होती, कल्याणच्या काळ्या तलावाच्या कट्ट्यावर दोघं चालत होते. पाण्यावर थंडीचं मऊ ऊन होतं.

"महिन्यात सात जण आले. एक जण फसवत होता. दहा मिनिटांनी म्हणतो, सर, डबा खाऊ का."

"मग? हाकललास?"

"गृहपाठ केला नव्हता बिचाऱ्याने. म्हटलं, खा."

ती हसली. त्या हसण्यात असं काही होतं की तिला भीती वाटली. तिचं एक स्थळ मागच्या वर्षी जवळजवळ ठरलं होतं. तिने मुलाला अर्धशिशीबद्दल सांगितलं, आणि तिकडून 'कळवतो' असं आलं ते आजतागायत कळवताहेत. तेव्हापासून आईने तिला बजावलं होतं: कुठे बोलायचं नाही. पाहुणे असताना डोकं दुखलं, तर हेमा बाहेर गेलीय. हेमांगी आतल्या खोलीत अंधारात पडलेली असायची आणि बाहेर आई तिला कुठे मैत्रिणीकडे, कुठे बाजारात पाठवायची.

"सर्वेश, एक विचारू?"

"विचार."

"करिश्माला पळवलंस त्याची टोचणी आहे ना तुला अजून?"

"आहे."

"मग हे सगळं... सकाळचे मेसेज, आईच्या हातची भाकरी... माझ्यासाठी आहे, की त्या टोचणीसाठी?" तिने तलावाकडे बघत विचारलं. "मला कुणाचं प्रायश्चित्त व्हायचं नाहीये. आणि तू मला फक्त चांगल्या दिवशी पाहिलंयस."

तो चालता चालता थांबला. मग म्हणाला, "याचं उत्तर मला आत्ता देता येत नाही. खोटं बोललो तर तुला कळेल."

तिला ते उत्तर आवडलं नाही. पण ते खरं होतं, हेही तिला कळलं, आणि त्या रात्री तिला झोप उशिरा लागली. वहीत तिने तशी नोंद केली. कारण लिहिलं नाही.

जानेवारीत त्याच्या मुलींची खो-खोची फायनल होती, ठाण्यात, शनिवारी दुपारी. तीन वर्षांत पहिल्यांदा शाळा फायनलला पोचली होती. करिश्माही संघात होती. टोपी घालून, वेळेवर खाऊन, मधेमधे पाणी पीत ती दीड महिना सराव करत होती. सर्वेशने हेमांगीला चारदा आठवण करून दिली. "येशील ना? पहिल्या रांगेत. सावलीची बाजू आहे, बघून आलोय मी."

"येईन."

शुक्रवारी लॅबमधली एक मुलगी रजेवर गेली आणि हेमांगीला दोन माणसांचा राउंड करावा लागला; रात्री तिने सर्वेशला तसं कळवलंही. शनिवारी सकाळी आरशात बघताना तिला स्वतःचा अर्धा चेहरा दिसेना. डोळ्यांसमोर चकाकती नागमोडी रेघ सरकत गेली. वीस मिनिटांत तिचं उजवं कानशील ठणकायला लागलं. तिने डॉक्टरांनी सांगितलेली गोळी लगेच घेतली, आईला पडदे ओढायला सांगितले आणि एका डोळ्याने कसाबसा मेसेज टाकला: 'दुखतंय. येत नाही.' मग फोन उशीखाली.

त्याचं उत्तर आलं नाही.

संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला बेल वाजली. दुखणं ओसरायला लागलं होतं, पण डोकं अजून काचेसारखं होतं. आईने दार उघडल्याचा आवाज आला. मग त्याचा आवाज.

"काकू, मी सर्वेश. हेमांगी आहे?"

"हेमा... नाही हो. बाहेर गेलीय," आई म्हणाली. सवयीने, एका श्वासात. "मैत्रिणीकडे. आज अगदी छान आहे ती."

दाराबाहेर बुटांची हालचाल झाली.

हेमांगी अंधारात पडून होती. तिला वाटलं, आता तो जिना उतरेल. त्याला माहीत आहे मी आत आहे, आणि तरी तो उतरेल, कारण आईला खोटं पाडणं त्याला जमणार नाही. आणि मग आयुष्यभर मी मैत्रिणीकडे गेलेली राहीन.

ती उठली. भिंत धरत बाहेर आली. केस विस्कटलेले, कपाळावर ओली घडी, अंगात चुरगळलेला गाऊन. बाहेरच्या उजेडाने तिचे डोळे बारीक झाले.

"मी घरीच आहे," ती म्हणाली. "डोकं दुखतंय."

आईचा हात दारावरच राहिला. "हेमा..."

"आई, राहू दे. त्याला ठाऊक आहे सगळं."

सर्वेश दारात उभा होता, बुटांना मैदानाची माती. त्याने तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग आत येऊन बैठकीतला दिवा बंद केला. दोघं पडद्याच्या अर्धवट उजेडात बसले, ती दिवाणावर, तो समोर खुर्चीत. आई स्वयंपाकघरात गेली, पण भांड्यांचा आवाज काही येईना.

"हरलो," तो म्हणाला, अगदी हळू आवाजात. "एका गुणाने."

"आणि करिश्मा?"

"तीन मिनिटं दहा सेकंद. शेवटपर्यंत हाताला लागली नाही कुणाच्या." त्याने तिच्याकडे बघितलं. "तू हवी होतीस."

"मेसेज केला होता मी."

"वाचला. उत्तर दिलं नाही, कारण चिडलो होतो."

हेमांगीने कपाळावरची घडी काढली. "चिडलास? माझ्यावर?"

"तुझ्यावर, तुझ्या डोक्यावर, त्या रजा घेतलेल्या मुलीवर. मला कळतं हा आजार आहे. वर्गात मुलांना मीच समजावतो. तरी पहिल्या रांगेतली ती रिकामी खुर्ची बघून इतका चिडलो की एका मुलीला उगाच ओरडलो. ठाण्याहून इथे येईपर्यंत काय काय बोलायचं ते जुळवत होतो. भांडायला आलेलो मी, खरं सांगतो." त्याने मान खाली घातली. "आणि मग काकू म्हणाल्या तू छान आहेस, बाहेर गेलीयस. तर अजूनच चिडलो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणापासून तिने दोनच प्रकारची माणसं पाहिली होती, विश्वास न ठेवणारी आणि कीव करणारी. ज्याला सगळं पटतं, आणि तरी जो तिच्यावर रुसून तिच्या घरी येऊन बसतो, असा माणूस तिला माहीतच नव्हता. टोचणी लागलेला माणूस असा रुसत नाही. त्याला रुसायचा हक्कच वाटत नाही.

तिला हसू आलं. हसल्यावर कानशिलात कळ गेली, म्हणून तिने डोळे मिटले, पण हसू राहिलं.

"काय झालं?" तो म्हणाला.

"तलावावर विचारलं होतं त्याचं उत्तर मिळालं."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग समजलं. तो खुर्चीवरून उठून दिवाणाच्या टोकाला येऊन बसला. मधे एक हाताचं अंतर. तिने ओली घडी त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटी करून, गार बाजू तिच्या कपाळावर ठेवली आणि हात तिथेच राहू दिला.

"हेमांगी... मला तुझ्याशी लग्न करायचंय. आज विचारू नये बहुतेक. तुझं डोकं दुखतंय."

"आजच विचार. नीट बघून घे आणि विचार," ती म्हणाली. "औषधाने कमी झालंय, बंद नाही झालेलं. महिन्यातून एक-दोन दिवस असे येतीलच. दिवाळीला येतील, तुझ्या बहिणीच्या लग्नात येतील. पुढच्या फायनललाही येतील."

"येतील."

"मग तू काय करशील?"

त्याने विचार केला. खरोखरच केला. "चिडेन थोडा," तो म्हणाला. "मग घरी येईन, दिवा बंद करेन आणि मॅच कशी झाली ते सांगेन. हळू आवाजात."

"सांग मग," हेमांगी म्हणाली आणि त्याच्या खांद्याला अलगद डोकं टेकलं. दुखणारी बाजू वर ठेवून. "पहिल्यापासून. नाणेफेक कुणी जिंकली?"

तो सांगायला लागला. कोण कुठे बसली, कुणी चुकीचा खो दिला, करिश्मा खांबाला वळसा घालून कशी निसटली. स्वयंपाकघरात फोन वाजला आणि आईने तो घाईघाईने उचलला. पुण्याची आत्या असावी, तिला नेहमी याच वेळी हेमाची चौकशी करायची असे.

"नाही, नाही गेली कुठे," आई दबक्या आवाजात म्हणत होती. मग एक मोठा श्वास ऐकू आला. "घरीच आहे. अर्धशिशी आहे तिला, लहानपणापासून. ...हो, मीच लपवत होते. ...मुलाला माहीत आहे, हो. बाहेर बसलाय तिच्यापाशी. उद्या करा फोन, आता त्यांना आवाज नको."